मिस्त्रीकाका, दुसरं टोक धरल्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुम्ही म्हणाल, "भाई, दोन गल्ल्या सोडून राहता, येऊन सांगायचं ना!" पण तोंडावर सांगायला आलो की तुम्ही विषय बदलता. परवा मी 'आभार' एवढा शब्द काढायच्या आत तुम्ही शेव-उसळ मागवलीत. म्हणून हे चारचौघांदेखत लिहितोय. नात वाचून दाखवेल, तेव्हा उठून जाऊ नका.

बडोद्यात राहून होडी कशाला, हे मला किमान तीस जणांनी विचारलं असेल. विश्वामित्री नदीत मगरी आणि सूरसागर तळ्यात महादेव, मग हा होडी घालणार कुठे? चांदोदला, नर्मदेवर. इथून पन्नासेक किलोमीटर. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा घड्याळ, शाल आणि भरपूर रिकामे दिवस मिळाले. तेव्हाच ठरवलं की प्लायवूडची होडी करायची, विकत नाही घ्यायची, स्वतः करायची. या 'स्वतः'वरच सगळ्यांची गाडी अडली.

पहिल्या सुताराने ॲडव्हान्स घेतला आणि सहा फ्रेमा करून दिल्या, त्यातल्या कुठल्याही दोन एका रेषेत बसेनात. विचारलं तर म्हणाला, प्लाय ठोकलं की आपोआप सरळ होतील. प्लायच्या दुकानदाराने "मरीन आहे, डोळे झाकून घ्या" म्हणून शीट गळ्यात मारली. मी खरंच डोळे झाकले, त्यामुळे तिच्यावर मरीन प्लायचा आयएस 710 हा शिक्का नाही हे दिसलंच नाही. तिचा तुकडा कुकरमध्ये उकळला, तर पुस्तकासारखी पानं सुटली. कुकर वरणभाताचा होता, त्यामुळे घरात जे झालं ते वेगळं. आणि एका विद्वान मित्राने तासभर सगळ्या पद्धती समजावल्या. सांगाडा उभारून त्यावर प्लाय ठोकायचं, किंवा कौलांसारख्या एकावर एक फळ्या चढवायच्या, किंवा बारीक पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवायच्या. शेवटी खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला नाही जमणार. फायबरची तयार घे." त्या हाताचं वजन मला अजून जाणवतं.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. फाउंड्रीत चाळीस वर्षं ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाचे पॅटर्न केलेला माणूस. मला वाटलं, हे रंधा काढतील आणि मला बाजूला करतील. तुम्ही माझ्या सहा वाकड्या फ्रेमा पाहिल्यात, हसला नाहीत, त्या सुताराला नावंही ठेवली नाहीत. नुसतं विचारलंत, "भाई, तुमच्या हाताला काय येतं? रंधा की दुसरं काही?"

मी जरा लाजतच म्हणालो, शिवण. वडिलांचं मंगळबाजारात शिंप्याचं दुकान होतं. कॉलेजला जाईपर्यंत काजं-बटणं मीच करायचो. हे मी बँकेत कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "मग शिवा की होडी."

आज होडीकडे बघतो तेव्हा ते वाक्य आठवतं, पण त्याहून जास्त आठवतो तो पुढचा तास. तुम्ही शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा आणवलात, नकाशावरचे आकडे दहास एक या मापाने त्यावर उतरवायला लावलेत. मग सुई-दोरा माझ्या हातात दिलात. दोन पुठ्ठे काठाला काठ लावून शिवायचे, तर ते सारखे निसटत होते. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "मी हे टोक धरतो, तुम्ही शिवा." तासभर धरून बसलात. लाईट गेली होती, पंखा बंद. तुमच्या मनगटावरून घाम पुठ्ठ्यावर पडत होता. माझे टाके वाकडे जात होते. तुम्हाला ते पाच मिनिटांत सरळ घालता आले असते. तुम्ही सुई मागितली नाहीत.

लहानपणी बाबा कापड बेतायला घेत तेव्हा दुसरं टोक मी धरायचो. ते काम दिसायला काहीच नसतं. पण टोक सुटलं की बेत चुकतो. माझं टोक कुणी असं धरल्याला पन्नास वर्षं झाली असतील, काका.

शेवटचा टाका ओढला आणि सपाट पुठ्ठ्याला पोट आलं, टोकाला नाक आलं. ब्लाउजला टक्स घातल्यावर कापडाला गोलाई येते, अगदी तशी. कागद गुंडाळता येतो पण त्याची वाटी होत नाही, तसंच प्लायचंही: एका बाजूने वाकतं, दोन्ही बाजूंनी एकदम नाही. म्हणून सगळा आकार बेतण्यात असतो, हे मला त्या क्षणी कळलं. विद्वान मित्राच्या तासाभराच्या व्याख्यानात हे आलं नव्हतं. आमच्या दुकानात पॅटर्न म्हणजे ब्राऊन पेपर, तुमच्याकडे सागाचा ठोकळा, बिडाचं ओतकाम आकसतं म्हणून फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढवा धरलेला. पण 'आधी बेत, मग काम' हे दोन्हीकडे एकच.

सांगाड्याची पद्धत वाईट नाही, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि ते सांगताना तुमच्या डोळ्यांत थोडी हाव होती. अमेरिकेत क्लार्क मिल्सने 1947 मध्ये मुलांसाठी केलेली ऑप्टिमिस्ट नावाची होडी प्लायच्या दोन शीटमध्ये अशीच बसवली होती. पण तळाच्या कडेच्या लाकडाचा कोन फ्रेमागणिक बदलतो. तो रंध्याने थोडा थोडा उतरवत न्यावा लागतो. अर्धं सूत इकडेतिकडे झालं की फट. "ते माझ्याने होईल, तुमच्याने नाही. आणि होडी तुम्हाला करायची आहे," म्हणालात. आयुष्यभर ज्या कसबावर पोट भरलं, ते बाजूला ठेवून दुसऱ्याच्या हाताला जमेल ते सुचवणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

आता मी ज्याला त्याला ऐकवतो की 1963 साली इंग्लंडात बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी मिरर नावाची 10 फूट 10 इंची होडी याच पद्धतीने, म्हणजे प्लाय तारेने शिवून सांधे चिकटवून, आणली आणि लोकांनी घरोघरी अशा सत्तर हजारांवर होड्या केल्या. त्याआधी ही युक्ती कायाकसाठी काढली ती केन लिटलडाइक या शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी. म्हणजे याही गोष्टीत शिकवणारा माणूस आहेच.

पुढची तांत्रिक कहाणी इथे लांबवत नाही. शिक्का बघून घेतलेली 6 मि.मी.ची नवी शीट साडेबारा किलोंच्या आसपास भरली, तेव्हा मी घाबरलो होतो. आणि मे महिन्यात तुमचं न ऐकता एपॉक्सी, म्हणजे कालवल्यावर तापत घट्ट होणारा गोंद, कालवलं, तेव्हा मग्यातून धूर निघाला. "दिवाळीपर्यंत थांबा, आणि मग्यात नाही, पसरट ताटलीत घ्या" हे तुम्ही दोनदा बजावलं होतंत. 8 फुटी शीटला जोड देताना जाडीच्या आठपट लांब उतार काढायचा, म्हणजे 48 मि.मी., आणि प्लायच्या थरांच्या रेघा सरळ दिसल्या की उतार बरोबर, हे तुम्ही शिकवलंत. तेवढाच वेळ रंधा तुमच्या हातात होता, आणि तेव्हा तुम्ही शीळ घालत होता.

तांब्याच्या तारेचे टाके घातले तेव्हा मात्र मी हट्टाला पेटलो होतो, आठवतं? अजिंठ्याच्या चित्रावरून नौदलाने काथ्याने शिवलेलं कौंडिण्य जहाज बांधून घेतलं, ते 2025 मध्ये कारवारला नौदलात आलं. मग माझी तार का काढायची, राहू दे की! तुम्ही म्हणालात, "त्यांचा टाका पक्का आहे, जहाज त्यावरच उभं आहे. तुमचा कच्चा टाका. आतून भुसा कालवलेलं एपॉक्सी आणि फायबर ग्लासची पट्टी बसली की उसवायचा." शिंप्याच्या पोराला कच्चा टाका तुम्ही समजावून सांगावा! उत्तरायणाच्या आदल्या दिवशी पक्कडीने सगळ्या तारा उपसल्या. एक आत तुटली. ती तशीच आहे.

आमच्या सोसायटीच्या कारभाऱ्यांना पार्किंगमध्ये उलटी घातलेली होडी तीन महिने खुपली. एकाने तक्रार लेखी दिली. तिसऱ्या मजल्यावरची आजी मात्र रोज संध्याकाळी खाली येऊन विचारायची, "आज किती झालं?" चांगुलपणा बहुधा एवढाच असतो, येऊन विचारणं. पण त्यालाही माणसाला खाली उतरावं लागतं.

हरणीच्या तळ्यात 18 जानेवारी 2024 ला होडी उलटून शाळकरी मुलं बुडाली, त्यानंतर बडोद्यात होडीचं नाव काढलं की लोक गप्प होतात, आणि व्हायलाच हवेत. म्हणून बाकांखालचे हवेचे कप्पे बंद करायच्या आधी तुम्ही टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा पाहिलात. एक मी लपवत होतो, तोही. "आधी जाकीट, मग होडी," म्हणालात.

तर जाकिटं आणली आहेत. येत्या रविवारी सकाळी चांदोद. होडी पाण्यात सोडताना पुढचं टोक मी धरीन, मागचं तुम्ही धरा. तुमच्या छातीचं माप तेवढं कळवा. नाहीतर थांबा, मीच टेप घेऊन येतो.

आपला,
शिंप्याचा मुलगा