वाणिज्य शाखेच्या प्रत्येक मुलाला जोखीम मोजता यावी : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : अकरावी-बारावी वाणिज्य शाखेत संख्याशास्त्र आणि जोखीम व्यवस्थापन सर्वांना सक्तीचे करणे, आणि ते स्थानिक आकडेवारीवर शिकवणे.

महोदय,

सादर नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेला गणित आणि संख्याशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात कांदा-द्राक्ष उत्पादकांची मुलं आहेत, किराणा दुकानदारांची, ट्रान्सपोर्टवाल्यांची, बाजार समितीत आडत करणाऱ्यांची आहेत. बारावी झाली की यातली बरीच मुलं शिकता शिकता घरच्या धंद्यात हात घालतात. म्हणजे पैशाचे निर्णय ती अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच घ्यायला लागतात. त्या निर्णयांसाठी लागणारी विद्या आपल्या पाठ्यपुस्तकांत बऱ्याच प्रमाणात आहे, पण ती मुलांच्या हाती पडत नाही. याबद्दल हे पत्र आहे.

पहिली अडचण रचनेतच आहे. दहावीच्या गणित भाग 1 मध्ये अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी अशी तीन प्रकरणं एकामागोमाग येतात. मांडणी चांगली आहे. पण दहावी संपली की वाणिज्य शाखेत गणित ऐच्छिक होतं. गणिताऐवजी सेक्रेटेरियल प्रॅक्टिस (कंपनी सचिवाच्या कामकाजाचा विषय), म्हणजे मुलांच्या भाषेत एसपी, घेता येतं, आणि गणिताची धास्ती घेतलेली मुलं तेच घेतात. एसपी हा विषय वाईट नाही. पण ज्या मुलाने तो घेतला, त्याचा सरासरी, विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) आणि संभाव्यता यांच्याशी संबंध पंधराव्या-सोळाव्या वर्षी संपतो, आणि तोही वाणिज्य शाखेत. पुस्तपालनात तो झालेल्या व्यवहारांची नोंद शिकतो. न झालेल्या, होऊ शकणाऱ्या गोष्टींचा हिशेब त्याला कोणी शिकवत नाही.

दुसरी अडचण गणित घेणाऱ्या मुलांची. अकरावीला त्यांना विचलनाची परिमाणं, सहसंबंध, काय-स्क्वेअर आणि संभाव्यता आहे. बारावीला विमा, रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज), टाइम सिरीज (काळानुसार बदलणारे आकडे), निर्देशांक आणि संभाव्यता वितरणं आहेत. धंदा करणाऱ्याला लागेल ते जवळपास सगळं यात आलं. पण परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून आकडे थोडे आणि गोल ठेवावे लागतात. पाच-सहा निरीक्षणं, नीट सुटणारी वर्गमुळं. मुलांचा सगळा जीव गुणाकार-भागाकारात जातो. प्रमाण विचलन 4 आलं, उत्तराखाली दुहेरी रेघ मारली, पुढचं गणित. हे 4 म्हणजे धंद्यात काय, 12 आलं असतं तर तुम्ही वेगळं काय केलं असतं, हे प्रश्नपत्रिका विचारत नाही, आणि जे प्रश्नपत्रिका विचारत नाही ते वर्गात शिकवायला वेळ उरत नाही.

महोदय, मी वर्गात करून घेते ते एक उदाहरण इथे सविस्तर लिहिते. आकडे मी धरलेले आहेत, प्रश्न मात्र आमच्याकडच्या घराघरातला आहे.

एप्रिलमध्ये घरात 100 क्विंटल उन्हाळ कांदा आला. आज विकला तर 1,200 रुपये क्विंटलने 1 लाख 20 हजार मिळतील. कांदाचाळीत टाकून ऑगस्टपर्यंत थांबलं तर सड आणि वजनघट मिळून 30 टक्के माल जाईल, 70 क्विंटल उरेल. तेव्हाचा भाव 2,600, 1,800 किंवा 1,000 यांपैकी काहीही असू शकतो, आणि तिन्हींची शक्यता सारखी धरू. म्हणजे हाती येतील 1 लाख 82 हजार, 1 लाख 26 हजार किंवा 70 हजार. सरासरी 1 लाख 26 हजार. आज विकण्यापेक्षा 6 हजार जास्त. वर्गातली बहुतेक मुलं इथे थांबतात आणि म्हणतात, मॅडम, साठवायचा.

मग मी सांगते, ऑगस्टअखेर सोसायटीचा 90 हजारांचा हप्ता आहे. वर्ग गप्प होतो. तीनपैकी एका शक्यतेत तो हप्ता भरताच येत नाही. मग कोणीतरी म्हणतं, अर्धा विकू, अर्धा ठेवू. करा हिशेब. आज 60 हजार हातात, आणि उरलेल्या अर्ध्याचे 91 हजार, 63 हजार किंवा 35 हजार. एकूण 1 लाख 51 हजार, 1 लाख 23 हजार किंवा 95 हजार. सरासरी 3 हजारांनी उतरली, पण सर्वांत वाईट वर्षीही हप्ता निघतो. ते 3 हजार म्हणजे या कुटुंबाने स्वतःच काढलेल्या विम्याचा हप्ता आहे. ज्या घरावर कर्ज नाही त्याने सगळा कांदा साठवला तर ते चूक नाही. तोच माल, तेच भाव, पण सोसण्याची ताकद वेगळी, म्हणून निर्णय वेगळा. जोखीम व्यवस्थापनाचा गाभा हा एवढाच आहे, आणि त्यासाठी लागलेलं गणित सातवीच्या पलीकडचं नाही.

यापुढे मुलं आपणहून प्रश्न विचारतात. तिन्ही भावांची शक्यता सारखी कशावरून? तिथे लासलगाव बाजार समितीचे मागच्या वर्षांचे दर काढावे लागतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, रोजची आवक, हे सगळं कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येतं. मुलं ते उतरवतात, आलेख काढतात, आणि त्यांना दिसतं की काही उड्या हंगामाच्या आहेत आणि काही सरकारी निर्णयाच्या. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली, ती मे 2024 मध्ये उठली. टाइम सिरीजच्या प्रकरणात ऋतुमानानुसार होणारा बदल आणि अनियमित बदल अशी विभागणी आहे. ती इतक्या नीट समजावणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. वेगवेगळ्या भागांतल्या शाळांना आपापला माल आहेच : सांगलीला हळद, लातूरला सोयाबीन, जळगावला केळी, इचलकरंजीला सूत.

पीक विम्याचंही तसंच. 2023 च्या खरिपात राज्याने एक रुपयात विमा दिला. 2025 च्या खरिपापासून शेतकऱ्याला पुन्हा आपला हिस्सा, खरिपाच्या धान्य आणि गळीत पिकांना विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत, भरावा लागू लागला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर (निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर) ठरू लागली. आता विमा घ्यायचा की नाही हा घरातला खरा प्रश्न झाला, आणि त्याचं उत्तर उंबरठा उत्पन्नात आहे : महसूल मंडळाची (काही गावांच्या गटाची) सरासरी त्याच्या खाली गेली तरच भरपाई मिळते. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, गुणिले जोखीम स्तर (विमा त्या सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत संरक्षण देतो ते). मंडळाची उत्पन्नं हेक्टरी 14, 9, 16, 12, 5, 15, 13 क्विंटल धरा. वरच्या पाचांची सरासरी 14, तिचे 70 टक्के 9.8. यंदा मंडळाची सरासरी 7 आली तर तूट उंबरठ्याच्या दोन-सप्तमांश, आणि विमा रक्कम 56 हजार असेल तर भरपाई 16 हजार. मंडळाची सरासरी 11 आली आणि तुमच्याच रानात 4 पिकलं, तर शून्य. दरवर्षी लोक याच शून्यावर चिडतात. ते का येतं हे घरी समजावून सांगू शकेल असा एक तरी माणूस हवा, आणि बारावीतला मुलगा किंवा मुलगी तो माणूस होऊ शकते.

ही पद्धत कुठून परकी आलेली नाही. पीक कापणीच्या नमुना सर्वेक्षणांना शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत डॉ. पांडुरंग सुखात्मे अग्रभागी होते. त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. एकेका शेताऐवजी क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावर विमा द्यावा ही कल्पना पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी सत्तरच्या दशकात मांडली, आणि देशातला पीक विमा त्या वाटेने गेला. आमच्या पाठ्यपुस्तकांत या दोघांना जागा मिळावी असं मला मनापासून वाटतं.

आता एक गोष्ट जी मला रात्री झोपू देत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांच्या मोबाइलमध्ये ऑप्शन ट्रेडिंगच्या (शेअरच्या पुढच्या भावाच्या अंदाजावर केलेल्या सौद्यांच्या) नफ्याचे स्क्रीनशॉट फिरतात. खातं मोठ्या भावाच्या नावावर असतं, बोटं यांची असतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले होते. दर माणशी सरासरी तोटा सुमारे 2 लाख, एकूण 1.8 लाख कोटींहून जास्त. यात तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात 31 वरून 43 टक्क्यांवर गेलं. सलग दोन वर्षं तोटा होऊनही तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक थांबले नाहीत.

दहावीच्या अर्थनियोजनात मूल शेअरची दलाली, त्यावरचा जीएसटी, परताव्याचा दर, एसआयपी हे सगळं काढायला शिकतं. तोट्याची संभाव्यता किती, हा प्रश्न मात्र तिथे कोणी विचारत नाही; पुढच्याच संभाव्यतेच्या प्रकरणात फासे आणि पत्ते येतात. ही दोन प्रकरणं एकमेकांना जोडली तर केवढं काम होईल! शंभरांतले सात जिंकले, त्या सातांचेच स्क्रीनशॉट तुझ्यापर्यंत आले, उरलेल्या त्र्याण्णवांनी काहीच पाठवलं नाही, तर तुला दिसणारा नमुना कसा आहे? नमुना निवडीतला दोष शिकवायला याहून जवळचं उदाहरण नाही. धाक घालून मुलं थांबत नाहीत. आकडे स्वतः मांडले की पुष्कळ थांबतात, हे मी वर्गात पाहिलं आहे.

उधारीचा विषयही असाच राहून जातो. द्राक्षाची अख्खी बाग एकाच व्यापाऱ्याला उधारीवर देणं आणि नंतर त्याचा फोन बंद लागणं, हे आमच्या भागात नवीन नाही. 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हाही मुळाशी हेच होतं : कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे. त्यानंतर फेब्रुवारी 2020 मध्ये बँक ठेवींचं विमा संरक्षण 1 लाखावरून 5 लाखांवर गेलं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते संरक्षण नाही. वाणिज्य शाखेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी ठाऊक हवं.

मंत्रीमहोदय, माझी पहिली मागणी अशी : अकरावी आणि बारावी वाणिज्यच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, एसपी घेणाऱ्यालाही, संख्याशास्त्र आणि जोखीम यांचा एक छोटा सक्तीचा विषय असावा. बीजगणित-कलन (कॅल्क्युलस) नको असेल त्याने ते सोडावं, पण आकड्यांवरून निर्णय घेणं सोडायला मुभा नसावी. दक्षिण आफ्रिकेने 2006 पासून दहावी ते बारावीला हीच वाट धरली आहे. तिथे गणित घेतलं नाही तर बहुतेकांना मॅथेमॅटिकल लिटरसी, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं गणित, घ्यावं लागतं. न्यूझीलंडमध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी संख्याशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून घेता येतो आणि त्यात मुलांना खऱ्या माहितीवर अहवाल लिहावा लागतो.

या विषयाच्या परीक्षेत साधा कॅल्क्युलेटर चालू द्यावा आणि निम्मे गुण निर्णयाला व त्यामागच्या कारणाला द्यावेत. दोन मुलांची उत्तरं वेगळी असतील आणि दोघांचीही कारणं पटणारी असतील, तर दोघांना पूर्ण गुण. परीक्षकांना हे अवघड वाटेल, म्हणून नमुना उत्तरपत्रिका परीक्षा मंडळाने आधीच द्याव्यात. गणिताला आज प्रात्यक्षिकाचे 20 गुण आहेत. त्या वह्यांत बहुतेक ठिकाणी पुस्तकातलीच उदाहरणं पुन्हा उतरवली जातात. त्याऐवजी स्थानिक बाजार, दुकान, दूध संस्था किंवा पावसाच्या नोंदींवर एक प्रकल्प व्हावा. संगणक कक्ष नसला तरी चालेल, आलेखाच्या कागदावर हे सगळं होतं.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. गणिताचे शिक्षक धंद्याची उदाहरणं टाळतात आणि वाणिज्यचे शिक्षक गणित टाळतात. हे प्रशिक्षण दोघांना एकत्र बसवून द्यावं, आणि त्यात एखादा आडत्या, एखादा बँकेचा कर्ज अधिकारी आणि एखादा कृषी सहायक बोलावावा. एका दिवसाच्या ऑनलाइन व्याख्यानाने हे होणार नाही.

नव्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार पहिलीची पुस्तकं 2025-26 पासून आली, आणि वरच्या वर्गांचे बदल टप्प्याटप्प्याने होणार आहेत. अकरावी-बारावीची पुस्तकं एकदा छापून गेली की पुढची कितीतरी वर्षं हात लावता येत नाही. म्हणून विनंती आहे की वाणिज्य गणिताच्या अभ्यास मंडळात ग्रामीण भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयांतले शिक्षक घ्यावेत, मसुदा छपाईआधी किमान दोन महिने हरकती-सूचनांसाठी खुला ठेवावा, आणि दरम्यान येत्या जूनपासून काही मोजक्या महाविद्यालयांत हा विषय प्रायोगिक तत्त्वावर सुरू करायला परवानगी द्यावी. आमच्या महाविद्यालयात तो शिकवायला मी तयार आहे. कांद्याच्या उदाहरणासारखे माझ्याकडे असलेले सगळे पाठ, मुलांनी केलेल्या तक्त्यांसह, आपल्या विभागाला द्यायलाही तयार आहे.

कळावे,

आपली नम्र,
वाणिज्य शाखेची एक गणित शिक्षिका,
जि. नाशिक