'सँक्च्युअरी' घेण्याआधी कव्हर तपास

प्रिय मंदार,

स. न. वि. वि.

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचं 'सँक्च्युअरी' घ्यायचं म्हणतोयस, आणि तेही १९८० चं मूळ सात इंची सिंगल. चांगला बेत आहे. फक्त पैसे पाठवायची घाई करू नकोस. या सिंगलची निम्म्याहून जास्त किंमत कव्हरात असते, आणि विक्रेते मात्र रेकॉर्डच्या चकाकीचे फोटो टाकून मोकळे होतात.

मूळ ब्रिटिश प्रत मे १९८० ची, ईएमआय कंपनीची, कॅटलॉग क्रमांक ५०६५. कव्हर दोन प्रकारचं मिळतं. चित्रकार डेरेक रिग्जच्या चित्रात एडी, म्हणजे बँडचं बोधचिन्ह असलेला राक्षस, सुरा घेऊन मार्गारेट थॅचरबाईंवर वाकलेला आहे. बाईंनी भिंतीवरचं मेडनचं पोस्टर फाडलं, त्याची ही शिक्षा. बाईंना पंतप्रधान होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. एका कव्हरात त्यांचा चेहरा उघडा आहे, दुसऱ्यात डोळ्यांवर काळी पट्टी. मला विचारशील तर पट्टीवालं घे, त्या काळाचा सगळा गोंधळ त्या पट्टीत आहे. त्याच वर्षी आलेल्या 'विमेन इन युनिफॉर्म' या सिंगलच्या कव्हरावर थॅचरबाई मशीनगन घेऊन कोपऱ्यामागे दबा धरून बसल्यात. पुढेमागे तेही मिळालं तर जोडी पूर्ण होईल.

साध्या कव्हरावर मार्करने पट्टी रंगवणारे महाभागही असतात. कव्हर दिव्याखाली तिरकं धरून फोटो मागव. छापलेल्या पट्टीची चमक बाकी छपाईसारखीच दिसते. मार्करची शाई वर बसलेली, जांभळट झाक मारणारी आणि कडेला किंचित पसरलेली असते. मागच्या बाजूला बारकोड असेल तर ती प्रत नंतरची समज. २०१४ साली जुने सिंगल पुन्हा सात इंचीवर निघाले, म्हणून बारीक अक्षरांत पार्लोफोन या कंपनीचं नाव किंवा २०१४ हे साल दिसलं तर मूळ प्रतीचा भाव देऊ नकोस. १९९० चा 'रनिंग फ्री'बरोबरचा बारा इंची जोडसंचही बऱ्याचदा याच नावाने विकायला असतो. वाईट नाही, पण तुला हवी ती वस्तू ती नव्हे.

आता रेकॉर्ड. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात, म्हणजे रनआउटमध्ये, मॅट्रिक्स क्रमांक (त्या बाजूचा ओळख क्रमांक) कोरलेला असतो. त्यात ५०६५ आणि बाजूचं अक्षर दिसायला हवं. ईएमआयच्या हेजच्या कारखान्यात रेकॉर्ड दाबली असेल, तर आणखी एखादं सुटं अक्षर दिसतं. तो स्टॅम्परचा, म्हणजे रेकॉर्ड दाबायच्या साच्याचा, क्रमांक. 'ग्रामोफोन लिमिटेड'च्या जुन्या इंग्रजी संक्षेपातली दहा अक्षरं क्रमाने १ ते ९ आणि ० साठी वापरायची पद्धत होती, म्हणून जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३. सुरुवातीचा स्टॅम्पर म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर हसून सोडून दे. कानाला फरक पडतो तो ती रेकॉर्ड आधी कुठल्या सुईने आणि किती वाजवली त्याचा.

मधलं भोकही बघ. ज्यूकबॉक्ससाठी मधला भाग काढून टाकलेली प्रत अडाप्टर लावून वाजते, पण संग्राहक तिचा भाव पाडतात.

बी बाजूला 'ड्रिफ्टर' आणि 'आय'व्ह गॉट द फायर' ही दोन लाइव्ह गाणी आहेत, मिळून नऊ मिनिटांच्या आसपास. सात इंचीच्या एका बाजूला हे फार झालं. एवढं बसवायचं तर खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी खाली आणावी लागते, आणि मग पृष्ठभागाची खरखर उठून दिसते. शिवाय सुई आत सरकते तसा खाचेचा वेग घटतो. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या अशा रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ४० सेंमी असतो, लेबलजवळ २५ वर येतो. त्यामुळे शेवटाकडे ड्रमर क्लाइव्ह बरच्या झांजा चुरचुरतात. तेवढ्यावरून रेकॉर्ड खराब ठरवू नकोस. ए बाजूच्या पहिल्या मिनिटातच झांजा फाटत असतील, तर मात्र खाच झिजलेली आहे आणि ती कितीही धुऊन सुधारणार नाही.

आल्यावर लगेच वाजवू नकोस. २०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २० मिली शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचा एकच थेंब. मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसायचं, नाहीतर साबण खाचेत वाळतो आणि सुईवर गोळा होतो. आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डना हे मिश्रण चुकूनही लावू नकोस, त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने लाख विरघळते.

पीव्हीसीची जाड पारदर्शक पिशवी बरोबर आली तर फेकून दे. तिच्यातलं प्लास्टिक मऊ करणारं द्रव्य रेकॉर्डवर उतरतं आणि धुरकट थर बसतो, तो निघत नाही. पॉलिप्रॉपिलिनची पिशवी घे, रेकॉर्ड उभी ठेव. आडव्या ढिगात दाबाने कव्हरावर रेकॉर्डचा गोल उमटतो, आणि या कव्हराच्या गडद रंगांवर तो लांबूनही दिसतो. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ आणि आत सिलिका जेल ठेव. बुरशीचे ठिपके आलेच तर कोरड्या मऊ ब्रशने झटक, ओलं फडकं लावलंस की ते कागदात मुरतात.

विक्रेत्याला सांग, रेकॉर्ड कव्हराबाहेर काढून, दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठा लावून पाठव. आत ठेवून पाठवली की प्रवासात तिच्या कडेने कव्हराची शिवण फाटते. आणि 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस, रेकॉर्डच्या स्थितीची प्रत) लिहिलंय ते वाजवून ठरवलंय की नुसतं बघून, तेही विचार.

पट्टीचा तिरका फोटो, मागची बाजू, दोन्ही रनआउट आणि कव्हराच्या तिन्ही शिवणी, एवढे फोटो आले की मला पाठव. तोवर आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझा,
अजय