शेवटच्या कवीलाही श्रोते मिळावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२७ फेब्रुवारी जवळ आला की गावोगावच्या वाचनालयांत कविसंमेलने, अभिवाचने आणि हल्ली ओपन माइकही ठरू लागतात. कुणाला दुखवायचे नाही म्हणून आलेले प्रत्येक नाव यादीत घेतले जाते, आणि कार्यक्रम तिथेच हातचा जातो. प्रत्येकाला ५ मिनिटे दिली तरी नाव पुकारणे, वर येणे, माइक खालीवर करणे यांत आणखी एक मिनिट जाते. म्हणजे १५ जणांना दीड तास. त्याआधी दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि शाल-श्रीफळ यांत पाऊण तास गेलेला असतो. शेवटच्या नावांपर्यंत सभागृहात उरतात ते फक्त ज्यांचे वाचन व्हायचे आहे ते.

आयोजकांना कळकळीची विनंती, की १५ च्या वर नावे घेऊ नयेत. उरलेल्यांना पुढच्या महिन्यात पहिला मान द्यावा. क्रम सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि सत्कार शेवटी ठेवावेत. वेळ संपल्याची घंटा तर नकोच, कवितेची ओळ मध्येच तुटते. चौथ्या मिनिटाला पहिल्या रांगेतून रंगीत कागद दाखवला तरी पुरते.

गद्य वाचणाऱ्यांनी घरी शब्द मोजावेत. अर्थ पोहोचेल अशा संथ लयीत मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. १,२०० शब्दांची कथा आणली की वाचणारा धावत सुटतो, नाहीतर शेवट गाळतो. त्यापेक्षा मधला एखादा प्रसंग आधीच कापलेला बरा. कागद पाठपोट छापू नये, अक्षर १६ पॉइंटचे असावे आणि पान परिच्छेदापाशी संपावे, म्हणजे उलटताना वाक्य अडकत नाही. मोबाइलवरून वाचायचे तर फ्लाइट मोड लावावा आणि स्क्रीन विझण्याची वेळ वाढवून ठेवावी.

ध्वनिक्षेपकाकडे तर सर्वांत कमी लक्ष असते. स्पीकर माइकच्या मागे ठेवले की आवाज फिरून माइकमध्ये शिरतो आणि शिटी वाजते. मग आवाज कमी केला जातो आणि मागच्या रांगांना काहीच ऐकू येत नाही. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. माइक ओठांपासून चार बोटांवर, किंचित तिरपा धरावा. अगदी समोर धरला तर प, फ, भ यांचा फटका बसतो. माइकची जाळी मुठीत झाकली तरी शिटी येतेच. व्यासपीठावरचा पंखा वाचनापुरता बंद ठेवावा.

दुसऱ्या लेखकाची कथा वाचताना आणखी एक काळजी घ्यावी. प्रसिद्ध साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला कॉपीराइट कायद्यात मुभा आहे, अख्ख्या कथेला नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे किंवा हक्कधारकाकडे राहतो. परवानगी कुणाची घ्यायची हे बहुधा प्रकाशकाकडे कळते, पण पत्र महिनाभर आधी जायला हवे.

आपले,
वाचनकट्ट्याचे कार्यकर्ते