फिजिओथेरपीच्या ताईंना, पोळी-भाजीवाल्या काकूंकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र सगळ्यांनी वाचावं असं मनापासून वाटतं. दिवसभर ओट्याशी उभ्या राहणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी बायका टाचदुखी अंगावर काढतात.

मार्गशीर्षात तुमच्याकडे आले तेव्हा दुखण्याला सात महिने होऊन गेले होते. पहाटे साडेचारला पलंगावरून पहिलं पाऊल खाली टाकलं की टाचेत खिळा घुसायचा. भिंत धरत मोरीपर्यंत जायचं. थोडं चाललं की कमी व्हायचं, म्हणून मी कणीक मळायला घ्यायचे. अडीचशे पोळ्या लाटून जरा टेकलं आणि उठलं की पुन्हा तोच खिळा. गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेकलं, तेल चोळलं. एका ठिकाणी एक्स-रे बघून ‘हाड वाढलंय’ म्हणाले, तेव्हापासून तर डोक्यात ऑपरेशनच बसलं होतं.

तुम्ही तो एक्स-रे बघून बाजूला ठेवलात आणि माझे पाय हातात घेतलेत. टाचेच्या आतल्या कडेला अंगठ्याने नेमकं दाबलंत, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग विचारलंत, “काकू, उभ्या कशावर राहता?” शहाबादी फरशीवर, अनवाणी. स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही, ही सासूबाईंपासूनची रीत. सात महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो आणि पायाची कमान तो धरून ठेवतो, हे तुम्ही टॉवेल ताणून दाखवलंत. रात्री पाऊल सैल पडतं, पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला सगळा भार त्याच्यावर येतो. वाढलेलं हाड तर टाच कधी न दुखलेल्या माणसांच्या एक्स-रेतही दिसतं, असं म्हणालात. त्या रात्री मला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

मग पट्टी. पांढरी, न ताणणारी, दीड इंच रुंद. पाय धुऊन कोरडा केलात, तेलाचा अंश ठेवला नाहीत. पहिली पट्टी करंगळीच्या मुळाशी चिकटवून टाचेमागून फिरवत अंगठ्याच्या मुळाशी आणलीत. मग तळव्याखालून आडव्या पट्ट्या, बाहेरून आत, एकीवर दुसरी निम्मी चढलेली, आणि आत येताना दर वेळी कमान जरा उचलून धरलेली. शेवटी कडेने आणखी एक, टोकं सुटू नयेत म्हणून. पाऊल वरून मात्र मोकळं ठेवलंत, बोटं पसरता आली पाहिजेत म्हणालात. “आता उभ्या राहा.” उभी राहिले, तर पायाखाली कुणी तळहात धरल्यासारखं वाटलं. दवाखान्याच्या पायऱ्या कठडा न धरता उतरले.

त्याच वेळी तुम्ही स्पष्ट सांगितलंत, “ही पट्टी दुखणं बरं करणार नाही, तुमचं काम सुरू ठेवील. बरं व्हायला वेळ लागेल आणि व्यायामच लागेल.” पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं नडगीकडे ओढून दहा अंक मोजायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. आणि स्वयंपाकघरासाठी मऊ तळाची वेगळी चप्पल. मी ती आणली. सासूबाईंच्या फोटोपुढे उभी राहून आधी त्यांना सांगितलं, मगच पायात घातली.

पट्टी लावायला तुम्ही आमच्या ह्यांना शिकवलंत, त्याचे आभार कसे मानू? ह्यांचा स्वभाव अबोल. पण रोज पावणेपाचला स्टुलावर बसून माझं पाऊल मांडीवर घ्यायचे, पट्टी दाताने तोडायचे, तळव्यावरून अंगठा फिरवून सुरकुती काढायचे. एकदा सुरकुती राहिली आणि फोड आला, तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त हळहळले. रात्री कोमट पाण्यात पाय भिजवून, कडांना तेल लावून, कातडी धरून हळूहळू सोडवायचे. खाज आली किंवा बोटं बधिर झाली तर लगेच काढायची, हे त्यांना पाठ होतं. शेजारच्या वहिनींना साखरेचा त्रास, पायाला संवेदना कमी. त्यांना मात्र तुम्ही घरी लावू नका, आधी दाखवा, असंच सांगितलंत.

चौथ्या वेळी आले तेव्हा “आता यायची गरज नाही” म्हणून मला परत पाठवलंत. पैसे घेतले नाहीत. होळीच्या पुरणपोळ्यांना दोन दिवस पट्टी लावली, अक्षय तृतीयेपासून लागलीच नाही. पहाटेचा व्यायाम अजून चालू आहे.

शनिवारी मुलाबरोबर डबा पाठवते आहे. पुरणपोळ्या आहेत, तूप वेगळं दिलंय. नाही म्हणू नका.

तुमची,
पोळी-भाजीवाली काकू, सांगली