राखणदार, वॉचमन आणि सुरक्षा रक्षक

मा. संपादक,
स. न.

चोरीच्या बातम्यांत हल्ली सरसकट ‘सुरक्षा रक्षक’ हा शब्द छापला जातो. दिंडोरीच्या द्राक्षबागेत झोपडी करून राहणारा सुरक्षा रक्षक, गंगापूर रोडच्या सोसायटीत पाण्याचा पंप चालू करणारा सुरक्षा रक्षक आणि अंबडच्या कारखान्याच्या गेटवर ट्रकची नोंद करणाराही सुरक्षा रक्षकच. मराठीत या तिघांना वेगवेगळे शब्द आहेत आणि ते कामावरून पडलेले आहेत.

बागेतला तो राखणदार. मण्यात पाणी उतरले की राखण सुरू होते. खरी धावपळ उजाडताना आणि दिवस मावळताना, कारण साळुंक्या-बुलबुल तेव्हाच बागेवर उतरतात. दुपारी तो लवंडला तर मालक काही म्हणत नाही. मात्र पाखरे हाकणाऱ्याच माणसाला रात्री चोरांसाठीही जागवले तर दोन्ही राखणी बुडतात. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ या म्हणीत ‘राखणे’ हेच क्रियापद आहे. चार घड राखणदाराने खाल्ले तर ती चोरी धरत नाहीत.

पहारा हा शब्द प्रहरावरून आला. प्रहर म्हणजे तीन तास. पहारा ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळेपुरता असतो, मग माणूस बदलतो. फिरून पाहणे ती गस्त. आपल्याकडे एकाच माणसाला बारा तास खुर्चीत बसवून त्याच्याकडून दोन्हींची अपेक्षा ठेवली जाते. गस्त दर तासाच्या ठोक्याला घातली, तर पाळत ठेवणाऱ्याला दोन रात्रींत वेळापत्रक पाठ होते. ती वेळा आणि वाट बदलूनच घालावी लागते.

जुन्या गावगाड्यातल्या जागल्याची, म्हणजे गाव राखणाऱ्याची, जबाबदारी याहून कडक होती. चोरी झाली की त्याने माग काढायचा. तो दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की पुढची जबाबदारी त्या गावावर जाई. नाही दाखवला तर नुकसानीची तोशीस त्याच्यावर येई. हे काम जातीने वाट्याला येई, म्हणून तो शब्द आज कुणा नोकराला लावू नये. गावकीची कनिष्ठ वतने १९५८च्या कायद्याने गेली. हवालदाराची गंमत निराळी. हवाला म्हणजे सोपवणूक. गडाच्या किल्ल्या ज्याच्या हवाली, तो हवालदार. आता तो पोलिसांतला हुद्दा आहे, तेव्हा गेटवरच्या माणसाला प्रेमाने ‘हवालदार’ म्हणणेही चूकच.

वॉचमन हा शब्द इंग्रजीतून आला, पण नाशिकच्या सोसायट्यांत त्याचा अर्थ पुरता मराठी झाला आहे: पंप, गाड्या धुणे, पार्सल घेणे, जिन्यातले दिवे आणि उरलेल्या वेळात राखण. यात गैर काही नाही. पण तो टाकी भरेपर्यंत पंपाशी थांबतो तेवढा वेळ गेट उघडे असते, आणि चोरी झाल्यावर त्याच वेळेचा जाब त्याला विचारतात. पंपाला पाण्याच्या पातळीवर आपोआप बंद होणारा स्विच बसवला तर ही फेरी वाचते. वहीत येणाऱ्याचे नाव, गाडी क्रमांक आणि वेळ असते. ‘जाण्याची वेळ’ हा रकाना बहुधा कोरा असतो. पोलिसांना नेमका तोच लागतो.

‘सुरक्षा रक्षक’ला कायद्याचा अर्थ आहे. २००५च्या केंद्रीय कायद्यानुसार खासगी सुरक्षा संस्थेला परवाना लागतो आणि रक्षकाचे वय १८ ते ६५ असावे लागते. २००६च्या नमुना नियमांत प्रशिक्षण १६० तासांचे आहे: १०० वर्गात, ६० प्रत्यक्ष कामावर. माजी सैनिक व माजी पोलिसांना ५६ तास पुरतात: ४० वर्गात, १६ प्रत्यक्ष कामावर. महाराष्ट्रात त्याआधीपासून १९८१चा खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा आहे. सुरक्षा रक्षक मंडळे त्याखालची. इतके करूनही रक्षकाला पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणताही नागरिक आरोपीला धरू शकतो, तेवढेच तोही करू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाकारण वेळ न घालवता, सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे सोपवावे लागते. खोलीत कोंडून मारहाण केली तर गुन्हा रक्षकावर दाखल होतो.

तेव्हा बातमीत तो राखणदार असेल तर राखणदार लिहावे, वॉचमन असेल तर वॉचमन. परवानाधारक संस्थेचा माणूस असेल तरच सुरक्षा रक्षक. सोसायट्यांनीही नेमणुकीच्या कागदावर पदनामाखाली कामे लिहावीत आणि पंप कोण पाहणार हे त्यात आधी लिहावे. खाकी गणवेश शिवून देण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण पोलीस किंवा लष्करासारखा दिसणारा गणवेश खासगी रक्षकाने वापरणे हा त्याच २००५च्या कायद्याने गुन्हा आहे.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक