रतनगड एकदिवसीय ट्रेक, ८ नोव्हेंबर : नेढं न दाखवल्याबद्दल तक्रार

व्यवस्थापक,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोलून झालं. पाचव्यांदा बोलायची ताकद नाही, म्हणून लिहिते.

रतनगड काय आहे ते तुम्हाला सांगायला नको, दर शनिवार-रविवार तुम्ही तो विकता. जाहिरातीतला फोटोही नेढ्याचाच आहे, कातळाला पडलेलं आरपार भगदाड आणि त्यात वारा खात बसलेली माणसं. त्या फोटोला भुलून मी, माझा मुलगा आणि नणंद, माणशी १,६५० रुपये भरून आलो.

रतनवाडीला पहाटे पाचला पोचणारी बस पावणेनऊला पोचली, कारण कल्याणला ती दुसऱ्या गटाची वाट बघत उभी होती. अमृतेश्वराच्या देवळासाठी पंधरा मिनिटं मागितली, तर ‘उशीर झालाय’ म्हणे. कोणामुळे? पुढे जंगलात तुमचा लीडर एका गुराख्याला विचारत होता, ‘गड इकडूनच ना?’ त्याने रतनगड आमच्याबरोबरच पहिल्यांदा पाहिला. पोरगा गुणी होता, त्याच्यावर राग नाही. पण रतनवाडीत वाटाडे मिळतात, त्यांचे पैसे वाचवून तुम्ही गाइडलाच गाइड शोधायला लावलात.

शिड्यांपाशी पाऊण तास रांग. गणेश दरवाजा झाला, रत्नादेवीची गुहा झाली आणि दीड वाजता हुकूम सुटला, ‘इथूनच परत.’ नेढं तिथून जेमतेम तासाभरावर. राणीचा हुडा हा बुरूज नाही, कोकण दरवाजा नाही. गडावरून दिसणारे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले मुलाने परतीच्या बसमध्ये मोबाइलवर पाहिले.

आता आजचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, तरी लिहिते.

‘मॅडम, गड तर झाला ना?’

‘नेढं राहिलं.’

‘नेढं म्हणजे?’

तुमच्याच माहितीपत्रकात पहिल्या ओळीत असलेला शब्द मी तुमच्याच माणसाला समजावून सांगितला. माथ्यावरचा कातळ झिजून झिजून आरपार मोकळा झालाय, तिथे बसलं की दोन्हीकडचा मुलूख दिसतो, वगैरे.

‘म्हणजे होल.’

‘हो. होल.’

‘मग मॅडम, होलमध्ये बघायचं काय असतं? आणि आमच्याकडे “नेढे दर्शन” लिहिलंय, “नेढ्यात प्रवेश” नाही. खालून दिसलं असेल की.’

मी शांत राहायचं ठरवलं होतं. पण नुसतं आरपारच बघायचं तर सुईचं नेढं माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, त्यासाठी कल्याणला ताटकळावं लागत नाही, हे तोंडातून गेलंच. त्यावर त्याने सहा मिनिटं बासरी ऐकवली, परत येऊन बुकिंग नंबर विचारला (चौथ्यांदा!) आणि ‘तुमचा फीडबॅक नोंदवलाय, पुढच्या ट्रेकवर १० टक्के सूट’ असं जाहीर केलं. पुढचा ट्रेक?

वाईट याचं वाटतं की पूर्वी तुमच्याबरोबरच राजगड केला होता. सुवेळा माचीच्या नेढ्यापाशी तुमच्या लीडरने लाव्हाचे थर बोटाने दाखवत, कुठला खडक आधी झिजतो ते मुलाला समजावलं होतं. त्या भरवशावर आम्ही परत आलो. तो लीडर आता कुठे असतो, कळवाल का? आम्ही थेट त्याच्याकडेच जाऊ.

आणि पहाटे पाच म्हणजे पावणेनऊ नव्हे. हे पुन्हा लिहिते, कारण चारही फोनवर ‘थोडा उशीर’ असंच ऐकलं.

तिघांचे ४,९५० रुपये सात दिवसांत खात्यावर परत हवेत. कूपन नको. नाहीतर १९१५ वर तक्रार, मग ग्राहक आयोग, आणि तुमच्या जाहिरातीतल्या फोटोशेजारी आमचा गुहेतल्या भिंतीचा फोटो लावून मी तो दिसेल तिथे टाकणार आहे. धमकी समजायची तर खुशाल समजा.

ता. क. : शिडीच्या रांगेत तुमच्या लीडरने पाण्यासाठी घेतलेली माझी बाटली त्याच्याकडेच राहिली आहे. स्टीलची, निळ्या झाकणाची. त्याच्याकडे पाणी का नव्हतं, ते त्यालाच विचारा.