बाजूच्या चाकांखालून पेन्सिल सरकली पाहिजे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक परीक्षा आटोपल्या की सायकलच्या दुकानांत एक वाक्य दिवसभर कानावर पडतं: ‘थोडी मोठीच द्या, दोन वर्षं तरी चालली पाहिजे.’ गणवेशाच्या बाबतीत हा हिशेब ठीक आहे, हाताची बाही दुमडता येते. सायकल दुमडता येत नाही. चार वर्षांच्या मुलाला 20 इंची सायकल दिली की त्याचे पाय टेकत नाहीत, पाय टेकत नाहीत म्हणून बाजूची छोटी चाकं काढायची हिंमत होत नाही, आणि पोरगं दुसरीत गेलं तरी ती चाकं खडखडत राहतात. पहिली सायकल घेणाऱ्या आणि विकणाऱ्या दोघांसाठीही हे पत्र आहे.

दुकानातल्या पाटीवर ‘3 ते 5 वर्षं’, ‘5 ते 8 वर्षं’ असं लिहिलेलं असतं. तिच्यावर विसंबू नये. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन्ही पायांच्या मध्ये पुठ्ठ्याची वही आडवी धरून वर टेकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. हे माप साधारण 36 ते 42 सेंटिमीटर भरलं तर 12 इंची, 43 ते 52 भरलं तर 16 इंची, त्याहून जास्त असेल तरच 20 इंचीचा विचार करावा. 14 इंची ही 12 आणि 16च्या मधली. मात्र हे इंच चाकाचे असतात, सीटच्या उंचीचे नव्हेत. दोन कंपन्यांच्या 16 इंची सायकलींच्या सीटमध्ये चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. म्हणून दुकानात सीट पूर्ण खाली करायला लावा आणि तिची जमिनीपासूनची उंची मोजा. ती पायाच्या मापाएवढी किंवा कमी भरली, तरच ती सायकल त्या मुलाची. बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला लागल्या पाहिजेत, नुसते चवडे लागून भागत नाही.

वजनाकडे कोणाचंच लक्ष नसतं. चार वर्षांचं मूल साधारण 16 किलोचं असतं आणि बाजारातली भक्कम 16 इंची सायकल सहज 10 किलो भरते. साठ किलोच्या माणसाला साडेसदतीस किलोची सायकल दामटायला लावण्यासारखं झालं हे. पुढची टोपली, मागचं कॅरिअर, पाठीला टेकू, जाडजूड टायर हे सगळं त्या वजनात भर घालतं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यातलं सस्पेन्शन तर निव्वळ शोभेचं. 16 किलोच्या ओझ्याखाली ती स्प्रिंग दबतही नाही. भरीव फोमचे टायर दुकानदार ‘ट्यूबलेस’ म्हणून पुढे करतात. ते पंक्चर होत नाहीत हे खरं, पण ओल्या फरशीवर घसरतात आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट मुलाच्या मनगटात पोचवतात. ट्यूबवाले घ्यावेत आणि हवा हातपंपाने भरावी. टायरच्या कडेला किती दाब चालेल ते छापलेलं असतं. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने एवढीशी ट्यूब डोळ्यांदेखत फुटते.

आता बाजूच्या चाकांबद्दल. सर्वांत जास्त गैरसमज यांच्याबद्दलच आहेत. ती दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकलेली नसावीत. सायकल सपाट फरशीवर सरळ उभी धरली, की प्रत्येक बाजूच्या चाकाखालून एक शिसपेन्सिल आडवी सरकली पाहिजे. म्हणजे सात-आठ मिलिमीटरची फट, दोन्हीकडे सारखी. लहान मुलांच्या सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 8098 मध्ये, 25 मिलिमीटरपर्यंत फट चालते. पण शिकाऊ मुलाला तेवढी कलंडणारी सायकल घाबरवते. टायरमध्ये हवा भरूनच फट मोजावी, कमी हवेवर मोजली तर माप चुकतं.

फट ठेवली नाही तर काय होतं, हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाहायला मिळतं. उतारावर पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ असते, तिच्यावर लोखंडी जाळी. जाळी थोडी खचलेली असली की बाजूची दोन चाकं काठावर टेकतात आणि मधलं मागचं चाक अधांतरी राहतं. मूल पॅडल मारतं, चाक गरगर फिरतं, सायकल जागची हलत नाही. याहून वाईट म्हणजे त्या क्षणी मागचा ब्रेकही निकामी असतो, कारण ब्रेक ज्या चाकाला लागतो ते जमिनीवरच नसतं.

वळणाचंही तसंच. दोन चाकांची सायकल वळताना आत झुकते. दोन्ही बाजूंची चाकं टेकली की ती तीनचाकीसारखी वागते, झुकू शकत नाही, मुलाचं अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि जोरात वळवलं तर आतलं चाक उचललं जाऊन सायकल बाहेर कलंडते. मुलाच्या अंगवळणीही तेच पडतं. बाजूच्या चाकांवर मूल पॅडल मारायला शिकतं, ब्रेक दाबायला शिकतं. तोल मात्र शिकत नाही. ही चाकं सहा-आठ महिन्यांची सोय समजावी.

ती बसवण्यातही एक मेख आहे. बहुतेक सायकलींत त्यांची पट्टी मागच्या चाकाच्या एक्सलवरच, म्हणजे चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्यावर, त्याच नटाखाली बसते. नट ढिला झाला की पट्टी तर वर सरकतेच, शिवाय मागचं चाकही पुढे सरकतं आणि चेन पडायला लागते. ‘नव्या सायकलची चेन सारखी पडते’ म्हणून जी तक्रार येते, तिचं मूळ पुष्कळदा या नटात असतं. फ्रेम, मग दाता असलेला वॉशर, मग पट्टी, मग साधा वॉशर, मग नट असा क्रम ठेवावा. दात्याचा वॉशर पट्टीला फिरू देत नाही. जोडणीच्या घाईत नेमका तोच पिशवीत राहून जातो. नट बहुधा 15च्या पान्याचा, क्वचित 14चा. आवळताना चाक फ्रेमच्या मधोमध आहे ना ते पाहावं, आणि खालची चेन मध्यावर बोटाने हलवली तर सेंटिमीटरभर हलावी. पट्टी पातळ पत्र्याची असेल तर घेऊच नये. मूल नेहमी एकाच अंगाला रेलतं आणि महिन्याभरात त्या बाजूची पट्टी वाकते. दर पंधरा दिवसांनी पेन्सिल पुन्हा सरकवून पाहावी. छोट्या चाकांना रबराची धाव असेल तर खालच्या मजल्यावरच्या काकूंशी संबंधही बरे राहतात.

बहुतेक सायकली लुधियानाहून खोक्यात, अर्धवट जोडलेल्या येतात. बाकीची जोडणी दुकानाबाहेरच्या फूटपाथवर होते, ऑनलाइन मागवली तर घरी वडिलांच्या हातून. तिथे ठरावीक चुका होतात. पुढचा चिमटा उलटा बसतो. पुढच्या चाकाचा ब्रेक मागच्या अंगाला दिसला की समजावं. हँडलच्या दांड्यावर किमान खोलीची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. आणि डावं-उजवं पॅडल बदललं जातं. डाव्या पॅडलला उलटे आटे असतात. जोर लावून उजवं पॅडल डावीकडे बसवलं की क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्या दांडीत बसतं तिचे, आटे जातात आणि मग क्रँकच बदलावा लागतो.

ब्रेक मुलाच्या हाताने तपासावा, स्वतःच्या नव्हे. मुलाला लिव्हर धरायला सांगून तुम्ही सायकल ढकला; चाक थांबलं पाहिजे. बोटांची टोकंच पोचत असतील, तर लिव्हरच्या मुळाशी असलेला छोटा स्क्रू आत फिरवून ती हँडलजवळ आणता येते. असा स्क्रू नसलेली सायकल परत ठेवावी. नव्या वायर पंधरा दिवसांत ताणून ढिल्या पडतात, तेव्हा ब्रेक एकदा पुन्हा आवळून घ्यायचा.

22 सप्टेंबर 2025पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. कर सोडून पाच हजारांच्या सायकलवर साडेतीनशे रुपये वाचतात. ते हेल्मेटकडे वळवावेत. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं बसावं आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावं. घसरगुंडीवर जाताना मात्र ते काढायला लावावं, पट्टा अडकून गळा आवळला जाऊ शकतो.

चाकं काढायची वेळ आली, की एक बाजू आधी आणि दुसरी नंतर, असं करू नये; मूल उरलेल्या बाजूला रेलायला शिकतं. दोन्ही काढा, एक्सलचा नट पुन्हा घट्ट आवळा, आणि बाहेर उरलेल्या एक्सलच्या टोकावर प्लास्टिकची टोपी बसवा, नाहीतर घोटा सोलवटतो. मग दोन्ही पॅडलही काढा. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पॅडल सुटतात, सरळ-उलट्या आट्यांचा गोंधळ होत नाही. सीट खाली करून मुलाला नुसते पाय मारत सपाट, कडक मैदानावर पळवत राहू द्या. 1817 साली जर्मनीत कार्ल द्राइसने बनवलेल्या दुचाकीला पॅडल नव्हतंच, ती अशीच पायांनी ढकलायची. पाय उचलून तीन-चार मीटर सरळ जाता आलं की पॅडल परत लावा. धरायचंच असेल तर मुलाला काखेखाली धरा, हँडल धरू नका.

दुकानदारांना एकच विनंती. प्रत्येक सायकलच्या चिठ्ठीवर किमतीशेजारी ‘सीटची सर्वांत कमी उंची, सेंटिमीटरमध्ये’ एवढी एक ओळ लिहावी, आणि काउंटरवर एक टेप टांगून ठेवावी.

— सायकल दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे